विश्लेषण : पहिल्या सरीतच वीज का जाते? खांबावरच्या चिनीमातीचे ‘म्हातारपण’ काय सांगते?

मृग लागतो, ढग भरून येतात आणि पावसाचे चार थेंब पडत नाहीत तोच वीज जाते. हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूर परिसराला हा अनुभव नवा नाही. कळमनुरी तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावाभोवती हळद, ऊस, केळी आणि सोयाबीनची शेती आहे. नेमक्या याच दिवसांत हळदीच्या नव्या लागवडीला पाणी लागते, सोयाबीनच्या पेरणीची घाई असते आणि मोटार मात्र बंद पडलेली असते.

‘उन्हात तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर पावसाचे थेंब पडले की त्यांना तडे जातात,’ हे स्पष्टीकरण वीज कंपन्यांकडून दर पावसाळ्याच्या तोंडावर दिले जाते. ते खोटे नाही. पण ती निम्मीच गोष्ट आहे. धडधाकट इन्सुलेटर चार थेंबांनी फुटत नाही. जो फुटतो, तो अनेक वर्षे आतून थकलेला असतो. पाऊस केवळ निमित्त ठरतो. सिरॅमिकचे हे ‘वय वाढणे’ कसे घडते, त्यावर ताणाचा परिणाम काय होतो आणि ते आधी ओळखता येते का, याचा हा आढावा.

खांबावरची चिनीमाती नेमके काय काम करते?

गावाबाहेरून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या (११ केव्ही) वाहिनीत तार आणि लोखंडी खांब यांच्यात उभा असतो तो फक्त इन्सुलेटर. सरळ वाहिनीवर तार ज्याच्या डोक्यावर बांधलेली असते तो ‘पिन’ इन्सुलेटर. वाहिनी वळते किंवा संपते तिथे तारेचा ओढ घेणारा, बशीसारखा दिसणारा तो ‘डिस्क’ इन्सुलेटर. दोन्ही बहुतांश ठिकाणी पोर्सलेनचे, म्हणजे चिनीमाती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण उच्च तापमानाला भाजून केलेले असतात. वर तपकिरी किंवा पांढऱ्या काचेसारखी झिलई असते. भारतात या इन्सुलेटरसाठी ‘आयएस ७३१’ हे मानक आहे.

त्याचे काम दुहेरी आहे. एक, तारेचे वजन, वाऱ्याचा झोत आणि ओढ सहन करणे. दोन, वीज खांबात उतरू न देणे. ११ केव्हीच्या वाहिनीत प्रत्येक तार आणि जमीन यांच्यात साधारण ६,३५० व्होल्टचा दाब असतो. हा दाब दिवसरात्र, वर्षानुवर्षे त्या चिनीमातीवर असतो. यांत्रिक ताण आणि विद्युत ताण असे दोन्ही ओझे एकाच वेळी वाहणारी वस्तू म्हणून इन्सुलेटरकडे पाहिले, तर पुढचे समजणे सोपे जाते.

‘डायइलेक्ट्रिक’ गुणधर्म म्हणजे काय?

वीज वाहू न देणाऱ्या, पण विद्युत क्षेत्राला आतून प्रतिसाद देणाऱ्या पदार्थाला डायइलेक्ट्रिक किंवा परावैद्युत पदार्थ म्हणतात. त्याचे तीन गुण महत्त्वाचे. पहिला, परावैद्युत स्थिरांक, म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो. हवेचा हा आकडा सुमारे १, पोर्सलेनचा सुमारे ६, तर पाण्याचा सुमारे ८०. दुसरा, क्षय, म्हणजे त्या प्रक्रियेत किती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. तिसरा, परावैद्युत बल, म्हणजे किती दाबाला पदार्थ भेदला जाऊन त्यातून वीज आरपार जाते.

आता एक छोटा हिशेब. पोर्सलेनच्या आत केसाहून बारीक चीर पडली आणि तिच्यात हवा शिरली असे समजू. चीर विद्युत क्षेत्राला आडवी असेल, तर तिच्यातल्या हवेवर भोवतालच्या पोर्सलेनपेक्षा सुमारे सहापट तीव्र क्षेत्र येते, कारण दोघांच्या स्थिरांकांचे प्रमाणच तसे आहे. हवा मात्र कमजोर. साधारण ३ केव्ही प्रति मिलिमीटरला ती भेदली जाते, तर चांगले पोर्सलेन त्याच्या कितीतरी पट सहन करते. म्हणजे सर्वात जास्त ताण सर्वात दुबळ्या जागी. चिरेत सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात आणि चीर हळूहळू वाढत जाते. तीत पाणी शिरले तर वीज जाण्यास आयता रस्ताच मिळतो.

चिनीमाती म्हातारी होते ती कुठून?

भाजलेली चिनीमाती स्वतः फारशी बदलत नाही. शेकडो वर्षांपूर्वीची चिनी भांडी आजही तशीच आहेत. अडचण जोडात असते. इन्सुलेटर म्हणजे केवळ पोर्सलेन नव्हे. त्यात लोखंडी पिन किंवा टोपी असते आणि डिस्क प्रकारात दोघांना सिमेंटने जोडलेले असते. हे तीन पदार्थ तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. लोखंड पोर्सलेनच्या साधारण दुप्पट फुगते.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. उन्हात तापलेल्या झिलईचे तापमान त्याहूनही वर चढते. रात्री ते उतरते. तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर तीन सेंटीमीटरच्या लोखंडात आणि तेवढ्याच पोर्सलेनमध्ये पडणारा फरक जेमतेम पाच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पण हा खेळ रोज चालतो. वर्षाला ३६५ वेळा, वीस वर्षांत सात हजारांहून अधिक वेळा. पोर्सलेन दाबले जाणे उत्तम सहन करते, ताणले जाणे मात्र नाही. आतला लोखंडी भाग फुगला की बाहेरच्या पोर्सलेनवर ताणच येतो.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. सिमेंटमध्ये वर्षानुवर्षे ओल मुरत राहिली तर ते किंचित फुगते. पिनेला गंज चढला तर गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने तोही आतून दाब देतो. म्हणूनच चांगल्या दर्जाच्या इन्सुलेटरमध्ये धातू आणि सिमेंट यांच्यामध्ये डांबराचा पातळ थर देतात. तो थर थोडी ‘लवचीकता’ राखतो. निर्मितीत हा थर नीट नसेल, पोर्सलेन पुरेसे भाजले गेले नसेल किंवा त्यात सूक्ष्म छिद्रे राहिली असतील, तर इन्सुलेटरचे म्हातारपण दहा-पंधरा वर्षे आधी येते. एकाच दिवशी बसवलेल्या शंभर इन्सुलेटरपैकी पाच आधी जातात आणि पंचाण्णव टिकतात, ते या कारणाने.

मग वीज पहिल्याच सरीत का जाते?

येथे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, अचानक गारवा. आधीच चिरलेल्या, तापलेल्या पोर्सलेनवर थंड पाणी पडले की पृष्ठभाग झटकन आकुंचन पावतो आणि जुनी चीर पुढे सरकते.

दुसरी, धूळ. आठ महिने पाऊस नसतो. रस्त्याची धूळ, वीटभट्ट्यांची राख, खतांचे कण यांचा थर इन्सुलेटरवर साचतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. दव किंवा हलकी भुरभुर पडली की त्यातील क्षार विरघळतात आणि वीज पृष्ठभागावरून सरपटू लागते. त्या गळतीने काही पट्टे वाळतात, वाळलेल्या पट्ट्यांवर सगळा दाब एकवटतो, तिथे ठिणगी उडते आणि शेवटी झगमगाट होऊन लाइन ट्रिप होते. याला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. जोरदार पाऊस उलट ही धूळ धुऊन काढतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा पहिली भुरभुर आणि धुक्याची पहाट अधिक घातक.

तिसरी, वारा. सोसाट्याच्या वाऱ्यात तारा हेलकावे खातात आणि पिनेवर आडवा ताण येतो. आतून चिरलेला इन्सुलेटर याच क्षणी दोन तुकडे होतो.

फरक लक्षात घेण्यासारखा आहे. फ्लॅशओव्हर पृष्ठभागावर होतो; अनेकदा वाहिनी पुन्हा सुरू केली की ती चालते. ‘पंक्चर’ मात्र पोर्सलेनच्या आरपार होते. तो इन्सुलेटर कायमचा गेला. वाहिनी कितीदाही सुरू केली तरी पुन्हा ट्रिप होणार.

फॉल्ट सापडायला रात्र का जाते?

समजा, एक ग्रामीण फीडर ३० किलोमीटर लांब आहे आणि दर ६० मीटरवर खांब आहे. म्हणजे ५०० खांब. प्रत्येक खांबावर तीन तारा धरल्या तर दीड हजार इन्सुलेटर. त्यातला एक पंक्चर झाला तरी पूर्ण फीडर बंद. फुटलेला तुकडा खाली पडला असेल तर तो दिसतो. पण पंक्चर अनेकदा पिनेच्या टोकाशी, आत दडलेले असते आणि खालून इन्सुलेटर अगदी ठणठणीत दिसतो.

अशा वेळी लाइनमनसमोर एकच मार्ग उरतो. फीडरचे भाग पाडायचे, एक भाग तोडून उरलेला सुरू करून पाहायचा, ट्रिप झाला तर दोष त्या भागात. मग चिखलातून, उभ्या पिकातून, रात्री बॅटरीच्या उजेडात एकेक खांब तपासायचा. ‘साधा इन्सुलेटर बदलायला एवढा वेळ?’ असा ग्राहकांचा सवाल असतो. बदलायला अर्धा तास पुरतो. वेळ जातो तो शोधण्यात.

उच्चदाब वाहिन्यांवर हा धोका वेगळ्या रूपात येतो. १३२ केव्हीच्या वाहिनीवर साधारण नऊ डिस्कची माळ असते. सर्व डिस्कवर दाब सारखा वाटला जात नाही. तारेलगतच्या डिस्कवर तो सर्वाधिक असतो. माळेतील एक डिस्क आतून निकामी झाली तरी वाहिनी सुरूच राहते, पण तिचा वाटा उरलेल्या डिस्कवर पडतो. त्या अधिक वेगाने थकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि हाच खरा धोका.

सगळे सिरॅमिक असेच म्हातारे होते का?

नाही. आणि याचा संबंध शेतकऱ्यांच्या दुसऱ्या एका यंत्राशी आहे, तो म्हणजे सौर पंप. पंपाच्या नियंत्रकात, मोबाइलच्या चार्जरमध्ये, एलईडी दिव्यात तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटर असतात. त्यांतील अनेकांत बेरियम टायटेनेट हे सिरॅमिक वापरतात. पोर्सलेनचा स्थिरांक ६ असेल, तर याचा हजारोंच्या घरात. त्यामुळे इवल्याशा जागेत मोठा विद्युतभार साठवता येतो.

पण या गुणाची किंमत आहे. बेरियम टायटेनेटच्या आत सूक्ष्म विद्युत ‘प्रांत’ असतात, जणू असंख्य होकायंत्रे. भट्टीतून बाहेर पडून सुमारे १२५ अंशांखाली थंड झाल्यावर ते हळूहळू स्थिरावत जातात आणि बाहेरच्या क्षेत्राला प्रतिसाद देईनासे होतात. क्षमता घटते. ही घट विशिष्ट गणिताने चालते. पहिल्या १ तासापासून १० तासांपर्यंत जेवढी घट, तेवढीच १० पासून १०० तासांपर्यंत, तेवढीच १०० पासून १,००० पर्यंत. सर्वसाधारण वापराच्या ‘एक्स७आर’ प्रकारात प्रत्येक टप्प्याला साधारण १ ते २.५ टक्के घट होते. एक लाख तास म्हणजे सुमारे साडेअकरा वर्षे. तोवर असे पाच टप्पे होतात आणि एकूण घट जास्तीत जास्त बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास राहते. ‘सी०जी’ या वेगळ्या सिरॅमिकच्या प्रकारात ही घट जवळपास नसतेच.

गंमत म्हणजे हे म्हातारपण उलटवता येते. कपॅसिटर सुमारे १५० अंशांवर तासभर तापवला की प्रांत पुन्हा विस्कळीत होतात आणि घड्याळ शून्यापासून सुरू होते. पोर्सलेनमधील चीर मात्र कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

शिवाय दाब दिला की हेच कपॅसिटर लगेच बदलतात. नेमून दिलेल्या व्होल्टेजच्या जवळ वापरल्यास काही लहान कपॅसिटरची क्षमता निम्म्याहून खाली येते. व्होल्टेज काढले की ती परतते. सर्किटची पट्टी वाकली तर मात्र कपॅसिटरलाच चीर जाते. नियंत्रकाची पेटी उघडून पट्टी जोर लावून बसवणे, स्क्रू वाकडे आवळणे यातून होणारे बिघाड याच जातीचे. म्हणून चांगला अभियंता कपॅसिटर निवडताना कागदावरच्या आकड्यावर नव्हे, तर उष्णता, व्होल्टेज आणि वय धरून उरणाऱ्या आकड्यावर रचना करतो.

हिंगोलीत या प्रश्नाला वेगळे महत्त्व का?

दोन कारणे आहेत. पहिले, जमीन हलते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत दुसरा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. एवढ्या धक्क्याने खांबावरचे चांगले इन्सुलेटर फुटत नाहीत. मात्र उपकेंद्रांतील उंच, जड, चिनीमातीच्या आवरणाची उपकरणे भूकंपात सर्वात नाजूक ठरतात, हे २००१ च्या भूज भूकंपात दिसले. ठिसूळ पदार्थ इशारा न देता तुटतो. आधीच चिरलेला असेल तर कमी धक्क्यालाही.

दुसरे कारण औंढा नागनाथजवळ उभा राहणारा ‘लायगो-इंडिया’ प्रकल्प. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अशा वेधशाळांत काही आरसे अतिसूक्ष्म अंतराने हलवण्यासाठी ‘पीझो’ सिरॅमिक वापरतात. व्होल्टेज दिले की ते सिरॅमिक किंचित लांबते; उलट दाबले की व्होल्टेज देते. गॅस पेटवायच्या लायटरमध्येही हेच तत्त्व असते. हे सिरॅमिकही वेळेनुसार आणि दाबानुसार आपला गुण थोडा थोडा गमावते. म्हणून अशा यंत्रणांत ते बसवून विसरून जात नाहीत. वारंवार मोजतात आणि त्यानुसार नियंत्रण सुधारतात. एकाच जिल्ह्यात एका टोकाला सिरॅमिकचा प्रत्येक बदल मोजला जाईल, आणि खांबावरच्या सिरॅमिककडे मात्र ते फुटल्यावरच लक्ष जाते. फरक पदार्थाचा नाही, सवयीचा आहे.

पॉलिमर इन्सुलेटर हे उत्तर आहे का?

काही प्रमाणात. काचतंतूचा दांडा आणि त्यावर सिलिकॉन रबराचे आवरण असलेले पॉलिमर इन्सुलेटर हलके असतात, दगड लागून फुटत नाहीत आणि पाणी त्यांच्यावर पसरत नाही. थेंब होऊन घरंगळते. त्यामुळे धुळीचा त्रास कमी होतो. पण त्यांचेही वय वाढते. ऊन आणि सततच्या ठिणग्यांनी रबर कडक होते, कडेची सील गेली तर आत ओल शिरते आणि दांडा ठिसूळ होऊ शकतो. काचेचे इन्सुलेटर तिसरा पर्याय. ते बिघडले की टोपीखालील काचेचा भुगा होऊन खाली पडतो, म्हणजे बिघाड स्वतःच जाहीर होतो आणि शोधण्याचा वेळ वाचतो.

थोडक्यात, पदार्थ बदलल्याने प्रश्न संपत नाही, त्याचे रूप बदलते. प्रत्येक इन्सुलेटर कधी बसवला, कोणत्या खेपेतला, कोणत्या खांबावर, ही नोंद नसेल, तर पॉलिमरही वीस वर्षांनी हाच अनुभव देईल.

आता काय करता येईल?

वितरण यंत्रणा सुधारण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘आरडीएसएस’ ही ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. राज्यात ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’द्वारे शेतीला दिवसा वीज देण्याचे काम सुरू आहे. पण सौर प्रकल्पाची वीजही त्याच ११ केव्ही तारांवरून शेतात पोहोचते. दुपारी फीडर बंद पडला, तर सूर्य मावळल्यावर ती वेळ भरून निघत नाही. त्यामुळे नव्या योजनेचे यश जुन्या इन्सुलेटरवरही अवलंबून आहे.

उपाय अवघड नाहीत. मे महिन्यात, पावसाआधी, सर्वाधिक ट्रिप होणाऱ्या फीडरपासून तपासणी सुरू करणे. रस्ते व वीटभट्ट्यांलगतचे इन्सुलेटर पुसून घेणे. वाहिनी बंद करून मेगरने मोजणी करणे आणि सुरू वाहिनीवर उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने किंवा ठिणग्यांचा आवाज टिपणाऱ्या यंत्राने संशयित जागा शोधणे. एका खेपेतील दोन-तीन इन्सुलेटर पंक्चर झाले, तर त्या खेपेतील उरलेले फुटण्याची वाट न पाहता बदलणे. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे नोंदवही. कोणत्या खांबावर काय बदलले याची पाच वर्षांची यादी असेल, तर पुढचा बिघाड कुठे होईल याचा अंदाज बांधता येतो.

ग्राहकांनी काय लक्षात ठेवावे? फुटलेल्या इन्सुलेटरमुळे लोखंडी खांबात किंवा त्याच्या ताणाच्या तारेत वीज उतरू शकते. पावसाळ्यात खांबाला हात लावू नये, जनावरे बांधू नयेत, कपडे वाळत घालण्यासाठी तार बांधू नये. रात्री इन्सुलेटरवर निळसर ठिणग्या दिसल्या, चरचर आवाज आला किंवा खांबाखाली चिनीमातीचे तुकडे आढळले, तर वीज गेलेली नसली तरी १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या महावितरणच्या क्रमांकांवर कळवावे. शक्य असल्यास खांबाचा क्रमांक किंवा जवळच्या डीपीचे नाव सांगावे. दीड हजारांतून एक शोधण्यात जाणारी रात्र या एका फोनने वाचू शकते.